नागनाथरावांनी सातवा ग्रंथ अडवला त्याची हकीकत

श्रीसिद्धेश्वर समर्थ. जुळे सोलापूर प्रांती, आसरा चौकापासून जवळच, रेवणसिद्ध अपार्टमेंट म्हणोन तीन मजल्यांचे ठाणे आहे, तेथे पोरांच्या पुस्तकांवरून जो दंगा जाहला आणि मग सिनेमावर जी स्वारी गेली, त्याचा मजकूर कोणी जिन्यात उभा राहून तिखटमीठ लावून सांगतो, कोणी व्हॉट्सअॅपवर अर्धाच लिहितो, म्हणोन ज्यांनी डोळ्यांनी पाहिले आणि ज्यांनी नुसते ऐकून पाहिल्याची बढाई मारली त्या उभयतांस विचारून, खोटे गाळून, खरे ठेवून, आणि जेथे खरे अगदीच मिळमिळीत निघाले तेथे किंचित फोडणी देऊन, ही हकीकत लिहिली असे. वाचणारांनी रागे भरू नये. भरायचेच तर वाचून संपल्यावर भरावे.

ऐशास, सदरहू ठाण्याचे वरचे मजल्यावर राजमान्य राजश्री नागनाथराव म्हेत्रे राहत होते. हे पूर्वी एस.टी.चे चाकरीत वाहतूक नियंत्रक होते, सोलापूरचे स्थानकात काचेच्या चौकीत बसून कर्ण्यावरून पुकारा करीत, की अमुक गाडी अमुक फलाटावर लागली, तमुक गाडी सुटते आहे. आणि आवाज ऐसा की कॅन्टीनात चहा पिणारा प्रवासी कप तसाच टाकून धावत सुटे. गाडी वेळेवर सोडणे हा त्यांचा धर्म, आणि आपणांस जे ठाऊक ते चारचौघांस पुकारून सांगणे हा त्यांचा स्वभाव. पुढे सेवानिवृत्त जाहले, मग पत्नी केसरबाई देवाघरी गेल्या, मग चिरंजीव नोकरीनिमित्त पुण्यास रवाना जाहले, आणि पुकारा करावा तर ऐकणारे कोणी उरले नाही. भाजीवाला आला की तेवढे गॅलरीतून ओरडून सांगत, भाजीवाला आला. परंतु भाजीवाला स्वतःच ओरडत असे, त्यामुळे त्या पुकाऱ्याची मातबरी राहिली नव्हती.

त्याच ठाण्यात कीर्तीताई सरवदे, सरकारी कचेरीत नोकरीस, मोठ्या करारी बाई, अपार्टमेंटाची भिशी त्याच चालवीत आणि त्यांचा शब्द म्हणजे शिक्का. त्या वर्षी 'वाळूगडाचे सात दरवाजे' या नावाचे सात ग्रंथ मराठीत आले होते. वाळूचा किल्ला, त्याचे सात दरवाजे, दर दरवाजापल्याड नवा मुलूख, आणि पोरांस पाठीवर घेऊन जाणारी लवंगी नामे बोलती सांडणी, म्हणजे उंटीण, ऐशी ती कथा; आणि शाळाशाळांतून पोरे त्यापायी खुळावली होती. अवघा संच एका घराने घेणे जड, मग कीर्तीताईंनी मसलत काढली की पुस्तकांची भिशी लावावी, सात घरांनी मिळून संच आणावा, चिठ्ठ्या टाकून नंबर काढावे, ज्याचा जो नंबर त्या नंबरचा ग्रंथ त्याचे घरी जावा, आणि महिना भरला की ग्रंथ पुढल्या नंबरकडे सरकावा. अवघे म्हणाले, वाहवा. घरे सहाच भरली, सातवे मिळेना, तेव्हां कीर्तीताई नागनाथरावांकडे गेल्या आणि विनंती केली की काका, तुमच्याकडे पोर नाही हे खरे, परंतु नुसता नंबर भरायला या. नागनाथराव नुसता नंबर भरायलाही खुशीने आले.

आता येथे जी चूक जाहली ती भिशी चालवणाऱ्या मंडळींनीच करावी, दुसऱ्यास साधणार नाही. भिशीत पाळी पुढे जाते हे हाडीमाशी भिनलेले. परंतु ग्रंथ पुढे सरकला म्हणजे वाचणारा मागे सरकतो, हे एकाचेही ध्यानी आले नाही. पाचव्या नंबरवाल्यास पाचव्यानंतर चौथा मिळणार, दुसऱ्यास दुसऱ्यानंतर पहिला, आणि पहिल्या नंबरवाल्यास पहिल्यामागून एकदम सातवा, कारण सातव्याचे पुढे नंबरच नाही, फिरून पहिलाच. अवघी कथा शेपटीकडून धरून उलटी ओढली जाणार होती, आणि मंडळी पेढे खात होती. त्याच बैठकीत कीर्तीताईंनी आणखी एक फर्मान काढले, की जो कोणी पुढचे सांगेल तो भिशीतून बाद, मग तो पोर असो की थोर, कारण आम्ही थोरही वाचणार आहोत. या फर्मानाने पुढे नागनाथरावांचा गळा कसा आवळला ते आता येईल.

पहिला नंबर बिराजदारांचे घरास आला. चनमल्लप्पा बिराजदार विमा कचेरीत बदलीवर, अक्कलकोटाहून जूनमध्येच आलेले, घरात कानडी, दारात मराठी, आणि त्यांची कन्या काव्या चौथीत, नव्या शाळेत आणि नव्या जिन्यात कोणाशी न बोलणारी. पोरे खाली पार्किंगात धुडगूस घालीत आणि ही पायरीवर बसून बघत असे. तिचे हाती पहिला ग्रंथ गेला आणि त्यात लवंगी भेटली. ही सांडणी कुरकुरी, फटकळ, दर कामास आधी नाही म्हणणार आणि मग अवघ्यांचे आधी जाणार. काव्याने तिला वहीच्या पुठ्ठ्यावर काढले, पाण्याच्या बाटलीवर काढले, आणि जिना चढताना तिच्याशी हळूच बोलूही लागली. पोरीस सोलापुरात पहिली मैत्रीण मिळाली ती चार पायांची.

इकडे सातवा ग्रंथ नागनाथरावांचे घरी डेरेदाखल जाहला. पोरांचे पुस्तक, बघू तरी, म्हणोन रावांनी दुपारचे जेवणानंतर उघडले, आणि मागचे पुढचे काही कळेना, कोण राजा, कोण चोर, वाळू का बोलते, तरी पाने उलटीत गेले, आणि चहा गार जाहला, आणि दूध उतू गेले, आणि शेवटास आले तो काय पाहतात, की सातवा दरवाजा उघडा राहण्यास आतून दोर ओढून धरणारे कोणी पाहिजे, आणि लवंगी आधी नाही म्हणाली आणि मग गेली, आणि दोर दातांत धरून उभी राहिली, आणि पोरे तमाम सुखरूप बाहेर पडली, आणि लवंगी वाळूखाली कामी आली. रावांस तिची मागची काहीएक ओळख नव्हती, तरी ते ढसाढसा रडले. मग कोणास तरी सांगावे म्हणोन मान वळवली, तो खुर्ची रिकामी. डोळे पुसले, ग्रंथ मिटला आणि फ्रीजवर ठेवून दिला.

महिना भरत आला तेव्हां एके दिवशी जिन्यात काव्या भेटली. जी पोरगी मान वर करीत नसे ती आपण होऊन थांबली आणि बोलली.

“आजोबा, आता तुमचं पुस्तक माझ्याकडं येणार. त्यात लवंगी हाय की?”

“हाय,” राव बोलले, आणि पुढचे जे जिभेवर आले होते ते मोठ्या कष्टाने गिळले. पोर उड्या मारीत वर गेली. राव तेथेच कठडा धरून उभे राहिले, आणि त्यांस प्रथमच उमगले की भिशीचे पाळीने हा ग्रंथ या पोरीचेच हाती जाणार, आणि मधले पाच दरवाजे न उघडतां, मैत्री जुळून महिना होतो न होतो, तोच तिची मैत्रीण तिचे डोळ्यांदेखत वाळूखाली जाणार. आणि अवघ्यांत अवघड गोष्ट ही, की ज्याने हयातभर पुकारा केला त्याने आता तोंड शिवून बसावे. कीर्तीताईंस सांगावे तर त्याही वाचीत होत्या, पाचव्या ग्रंथात होत्या, आणि फर्मान त्यांचेच. चनमल्लप्पांस आडून सुचवावे म्हणोन गेले, तो ते कानांवर हात ठेवून म्हणाले, काका, काही सांगू नका, मी अजून पहिल्याचे निम्म्यात आहे. मग रावांनी मनाशी ठरविले की प्राण गेला तरी ग्रंथ सोडणे नाही.

पहिल्या तारखेस पार्किंगात देवघेव बसली आणि अवघ्यांनी आपापले ग्रंथ आणिले, नागनाथराव मात्र हात हलवीत आले. कीर्तीताईंनी जाब विचारिला. राव म्हणाले, देणार नाही. का? सांगणार नाही. तेव्हां एकच गलका उडाला, आणि कोणी म्हणाले हरवला असेल, कोणी म्हणाले रद्दीत गेला असेल, कोणी म्हणाले म्हातारपणी ऐसे होते, आणि ज्यांनी पेढा खाताना काका आले म्हणोन आनंद केला होता तेच म्हणू लागले, ज्याच्या घरी पोर नाही त्यास घ्यावयाचेच नव्हते. रावांनी अवघे ऐकून घेतले. परंतु काव्या बापाचा हात सोडून जिना चढून गेली आणि वळून पाहिले नाही, ते रावांस फार लागले.

त्या सभेत सिद्धांत म्हणोन कीर्तीताईंचे चिरंजीव, सातवीत, पाचव्या नंबरचे मालक, मोबाइलातून ऐवज काढण्यात मोठे तरबेज, त्यांनी दुसराच वाद उभा केला, की मुळात हे नंबरच खरे काय? या ग्रंथांचे क्रम दोन. एक लिहिल्याचा क्रम, दुसरा घडल्याचा क्रम; कारण लिहिणाराने चौथ्या ग्रंथात मागे वळून पहिल्याचेही आधीची हकीकत सांगितली आहे, सबब कोणी म्हणतात चौथा आधी वाचावा, कोणी म्हणतात जसे लिहिले तसे वाचावे, आणि यावरून परमुलखांत मोठमोठ्या माणसांनी एकमेकांचे तोंड पाहणे सोडले आहे. हे ऐकतांच पार्किंगात लागलीच दोन तट पडले. एक तट दुचाकींचे बाजूस उभा राहिला, दुसरा पाण्याचे टाकीचे बाजूस, आणि ज्यांनी एकही ग्रंथ पुरा केला नव्हता तेही हिरीरीने भांडू लागले.

नागनाथरावांनी ही संधी हेरली, आणि काचेच्या चौकीतून गर्दी शांत करावयाचा तो जुना आवाज काढून विचारिले, “सिद्धांत, या दोन्ही क्रमांत सातवा कितवा?”

“सातवाच की, आजोबा.”

“मग आपल्या भिशीत काव्याला तो दुसरा कसा काय येतो?”

अवघी सभा बोटे मोजू लागली. पुढे सरकते, मागे सरकते, ऐसे बराच वेळ चालले, आणि मग कीर्तीताईंचा चेहरा उतरला, कारण इतकी वर्षे भिशी चालवून एक दिवस चुकली नव्हती ती बाई येथे चुकली होती. परंतु खचल्या नाहीत. तेथल्या तेथे हुकूम केला, की क्रम ठरेपावेतो ग्रंथ जेथे आहेत तेथेच राहतील. राव सुटले, परंतु क्रम काही ठरेना. दसरा जाहला, तट तैसेच, आणि दिवाळी आली तरी टाकीचा तट दुचाकीचे तटास फराळास बोलावीना.

ऐसे असतां वार्ता आली की वाळूगडाचा सिनेमा निघाला, हिंदीत बोलता करून सोलापुरास लागतो आहे, आणि त्यात पहिल्या ग्रंथाची कथा घेतली आहे. पोरांनी जेवण टाकले. कीर्तीताईंनी कलम घातले की पहिला ग्रंथ माहीत जाहल्याखेरीज सिनेमा नाही. आणि पहिला ग्रंथ वाचलेले ठाण्यात पोर एकच, ती काव्या. मग काय विचारता, जी पायरीवर बसून नुसती बघत असे तिचे भोवती तीच पायरी भरून जाऊ लागली, आणि ती लवंगीचा आवाज काढून कथा सांगे, मध्येच शब्द अडला की कानडीत सांगे आणि हातांनी दाखवी, आणि पोरे हसत ती लवंगीचे बोलण्यास हसत, काव्याचे बोलण्यास नव्हे. वरून नागनाथराव गॅलरीत उभे राहून ऐकत. काव्या त्यांचेकडे पाहत नसे, तरी ते ऐकत.

परंतु रावांचे मनात पाल चुकचुकली, की सिनेमावाल्यांचा भरवसा काय? म्हणोन सिनेमा लागला त्या दिवशी सकाळचे खेळास स्वतःच जासूद होऊन गेले. आपला चष्मा, त्यावर तेथला थ्रीडीचा काळा चष्मा, भोवती कॉलेजातील पोरे मक्याच्या लाह्या खाणारी, आणि मध्ये टोपी घातलेले राव, ऐसा थाट होता. जाहिराती सरल्या, अंधार जाहला, आणि पहिलाच प्रसंग पडद्यावर आला तो सातव्या ग्रंथाचा शेवट. वाळू उडते आहे, दरवाजा करकरतो आहे, लवंगीने दोर दातांत धरिला आहे, आणि मग ती वाळू, हत्ती बुडेल एवढी. मग पडदा काळा, मग अक्षरे आली की फार वर्षांपूर्वी, मग ढोल वाजले आणि खरी कथा सुरू जाहली. लोकांस चटका लागावा म्हणोन सिनेमावाल्यांनी शेवट काढून डोक्यावर बसविला होता. रावांनी मनात त्या मंडळींस ज्या शिव्या दिल्या त्या बखरीत लिहिण्याजोग्या नाहीत.

रविवारी अवघी फौज जाणार हे ठरलेले. रद्द करावे तर पोरांचे मन मोडते. सांगावे तर तेच पुढचे सांगणे. तेव्हां रावांनी पुष्कळ विचार करून ऐशी तजवीज केली, की फौज सिनेमास न्यावी परंतु उशिरा न्यावी, जाहिराती चुकाव्या, तो प्रसंग चुकावा, आणि ढोल वाजतांना आत शिरावे. ज्या माणसास एक गाडी उशिरा सुटली तर त्या दिवशी जेवण गोड लागत नसे, त्याने जन्मात प्रथमच उशिराचा बेत आखिला. मग कीर्तीताईंकडे जाऊन सरदारी मागून घेतली, की तिकिटे मी खिडकीवरून आणतो, रिक्षा मी ठरवितो, पोरांस मी नेतो. कीर्तीताईंस वाटले, काका पश्चात्ताप पावले. त्या बरे म्हणाल्या.

रविवारी दोन रिक्षा करून फौज निघाली. पुढल्या रिक्षात राव, काव्या आणि लहान पोरे, मागल्या रिक्षात कीर्तीताई, सिद्धांत आणि थोरली पोरे. राव रिक्षावाल्यास म्हणाले, शुक्रवार पेठेवरून घे; मागली रिक्षा मागोमाग आली. तेथे रावांची थोरली बहीण बजाबाई राहत होती, आणि तिची ख्याती ऐशी की तिचे उंबऱ्यात पाय टाकलेला माणूस ताटावर बसल्याखेरीज बाहेर पडत नाही, लग्नाची घाई असो की रेल्वेची. हा रावांचा पहिला मोर्चा. बजाबाई दारातच लसूण सोलीत बसली होती. पोरे पाहून खूश जाहली, मग विचारिले, कुठे निघाला? पोरे म्हणाली, सिनेमाला. ते ऐकून ती ताडकन उठली. रावांस विस्मरण पडले होते ते हे, की तरुणपणी बजाबाईने ठिगळाचे लुगडे नेसून काढिले परंतु सिनेमाची सुरुवात कधी चुकविली नव्हती.

“शिनेमाला निघालाय आन् हितं कशाला थांबलाय? सुरवातच चुकली तर काय बघायचं? नागू, तुला अक्कल हाय का न्हाय? जावा, पळा.”

ऐसे म्हणोन पोरांचे हाती शेंगांच्या लाडवांचा डबा कोंबला, रिक्षावाल्यास दोन शब्द सुनावले, आणि रिक्षावाला जो घाबरून सुटला तो बोळाबोळांतून ऐसा, की फौज वेळेचे आधीच सिनेमाचे दरवाजाशी जाऊन थडकली. पहिला मोर्चा ऐसा उलटला.

आता उपाय एकच उरला, आणि तो रावांचे अब्रूस झोंबणारा होता. दरवाजावरचे शिपायाने तिकिटे मागितली. रावांनी शर्टाचा खिसा पाहिला, नाही. पँटीचा पाहिला, नाही. पिशवी पाहिली, लाडवांचा डबा उघडून पाहिला. मागे रांग चढली, लोक कुरकुरू लागले, शिपाई म्हणाला, आजोबा, बाजूला व्हा. ज्याने बिनतिकिटी प्रवासी पाहून मान हलविली होती तो आता अवघ्या गावादेखत, पोरांचे फौजेपुढे, बिनतिकिटी उभा होता. सिद्धांत संतापून लाल जाहला. राव चाचपडत राहिले, आणि कान आतल्या पडद्याकडे. कारण इंजिनाचे आवाजावरून कोणत्या आगाराची गाडी आली हे सांगणारा तो कान, त्यास आतल्या जाहिराती कळत होत्या, वारा सुटलेला कळत होता, दरवाजा करकरला तो कळत होता.

तोच काव्या, इतके दिवस न बोलणारी, दया येऊन पुढे जाहली आणि म्हणाली, “आजोबा, चष्म्याच्या घरात बघा की. माझे बाबा तिथंच ठेवतात.”

आणि तिकिटे खरोखर तेथेच होती. जिच्यासाठी अवघी मोहीम तिनेच येऊन किल्ल्याची चावी दाखवावी, ऐसा प्रसंग कोणा सरदारावर न येवो. राव म्हणाले, बघितले, तिथे नाही; आणि पोरीशी खोटे बोललो म्हणोन मान वळविली. सिद्धांत म्हणाला, पुन्हा बघा. राव सावकाश चष्म्याचे घर काढू लागले, ते खिशात अडकले, ते सोडवू लागले, आणि तेवढ्यात आत ढोल वाजले. मग तिकिटे लागलीच सापडली. फौज धावत आत शिरली, आणि पडद्यावर लवंगी धडधाकट उभी, पहिल्या दरवाजाशी, नाही म्हणत होती. काव्या अंधारात जोराने हसली. राव आपले खुर्चीत बसले आणि घाम पुसला.

सिनेमा सुटल्यावर मात्र ठाण्याचे पार्किंगात पंचायत बसली. सिद्धांताने फिर्याद केली, की एका आजोबांनी ग्रंथही अडविला आणि सिनेमाची सुरुवातही बुडविली. कीर्तीताईंनी विचारिले, “काका, तुम्ही हे मुद्दाम केलंत?”

“व्हय,” राव म्हणाले.

“का?”

“ते सांगायचं न्हाई, असा तुमचाच हुकूम हाय.”

कीर्तीताईंनी एकदा त्यांचेकडे पाहिले, एकदा काव्याकडे पाहिले, आणि काय समजावयाचे ते समजल्या, कारण बाई हुशार होत्या. मग निवाडा केला, की संच एक आणि वाचणारे पुष्कळ, सबब भिशी मोडली. सातही ग्रंथ जमा व्हावे. लिहिणाराने ज्या क्रमाने लिहिले त्या क्रमाने पहिल्यापासून रोज संध्याकाळी येथेच मोठ्याने वाचले जावे. आणि गुन्हा केला त्याची शिक्षा म्हणोन अवघे वाचन म्हेत्रेकाकांनी करावे. टाकीचा तट आणि दुचाकीचा तट उभयतांनी मान्य केले, कारण दिवाळीचा फराळ अजून उरला होता. शिक्षा ऐकून रावांचा चेहरा ऐसा उजळला की सिद्धांतास संशय आला, आपण काही चुकलो काय.

मग काय वर्णावे. संध्याकाळी खुर्ची मांडली जाई, राव घसा साफ करीत, आणि पुकारा होई, की वाळूगड, दुसरा दरवाजा, सुटतो आहे, प्रवाशांनी बसून घ्यावे. आवाज चौकापावेतो जाई. बाजूच्या इमारतींतली पोरे आली, मग त्यांच्या आया आल्या, चनमल्लप्पा कचेरीतून परस्पर तेथेच येऊन बसू लागले, आणि भाजीवाला गाडा लावून उभा राही आणि त्याचे ओरडणे बंद जाहले. राव शेवटाकडून आत शिरले होते, त्यांस लवंगी आता पहिल्यापासून भेटत गेली, तिचे कुरकुरणे, तिचे नाही म्हणणे, तिने चोरून खाल्लेला राजाचा फेटा. आणि जसजशी ओळख वाढली तसतसा त्यांचा जीव अधिक गुंतला, आणि एकेक दरवाजा सर होई तसे ते मनात म्हणत, हा सातवा न येईल तर बरे. काव्या त्यांचे खुर्चीजवळ चटईवर बसे. तिने रुसवा कधी सोडला हे कोणी पाहिले नाही.

संक्रांतीची गड्ड्याची यात्रा सरली, पाळणे उतरले, आणि एके संध्याकाळी सातवा ग्रंथ शेवटास आला. वाळू उडू लागली, दरवाजा करकरला. लवंगी आधी नाही म्हणाली. रावांनी पुढचे वाक्य वाचिले, त्याचे पुढचे वाचिले, दोर दातांत धरिला तेथपावेतो आले, आणि तो आवाज, ज्याने चाळीस आसनांच्या गाड्या हलविल्या, तो जागच्या जागी थांबला. सिद्धांत मोबाइल उलटा ठेवून जमिनीकडे पाहत होता. काव्याचे गालांवरून पाणी चालले होते, परंतु ती रावांकडे पाहत होती.

“आजोबा, तुम्हाला हे ठाऊक होतं?”

“व्हय.”

“कधीपासून?”

“गणपती गेल्यावर वाचलं, बाळ.”

काव्याने विचारिले, “तेव्हा तुमच्याजवळ कोण होतं?”

नागनाथरावांनी कोणी नाही म्हणोन मान हलविली. तेव्हां काव्या चटईवरून उठली, भिंतीशी टेकलेली दुसरी खुर्ची ओढीत आणून रावांचे खुर्चीस लावली, तीवर चढून बसली, आणि ग्रंथाचे एक पान आपल्या हाती धरले.

“आता वाचा,” ती म्हणाली.

आणि नागनाथरावांनी वाचिले, आणि मध्ये थांबले नाहीत, आणि शेवटचे पानापावेतो नेले. येणेप्रमाणे जुळे सोलापूर मुक्कामी वाळूगड सातही दरवाजांसह सर जाहला, दोन्ही तट एक जाहले, आणि सातवा ग्रंथ कीर्तीताईंचे कपाटी रुजू जाहला. आपले बाजूस कामी आली ती लवंगी सांडणी. जखमी अवघे. एकटा कोणी राहिला नाही, सबब फत्ते लिहिली असे.